आधी मेमरी, मग कोअर: साध्या लॅपटॉपवर पॅरलल प्रोग्रॅमिंगची सुरुवात

जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, कुठल्याही गावातल्या कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा की पॅरलल प्रोग्रॅमिंगने काय होतं. उत्तर ठरलेलं असतं: काम चार कोअरवर (प्रोसेसरमधल्या हिशोब करणाऱ्या स्वतंत्र भागांवर) वाटायचं, चौपट लवकर संपतं. मग कुणीतरी लूपच्या डोक्यावर ओपनएमपीची (काम कोअरवर वाटायला कंपायलरला सांगणाऱ्या प्रमाणाची) एक ओळ लावतो, प्रोग्रॅम चालवतो आणि वेग जेमतेम दीडपट झालेला दिसतो. "काय व्हयनं भाऊ?" असं विचारत चौघं स्क्रीनभोवती जमतात. झालेलं असतं ते बहुतेक वेळा एवढंच: हिशोब करायला कोअर मोकळे आहेत, पण आकडे मेमरीतून त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचत नाहीत.

म्हणून इथे क्रम थोडा उलटा ठेवला आहे. आधी मेमरी मोजायची, मग थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वाढवायचे, आणि तोच प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या मशीनवर, अगदी जीपीयूवरही (ग्राफिक्स कार्डावरच्या प्रोसेसरवरही) कसा नेता येईल ते शेवटी बघायचं. सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लूप आणि ॲरे लिहिता येत असतील तर बाकी सगळं वाटेत शिकता येतं. टर्मिनलवरच्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

सामान

8 जीबी रॅमचा, चार कोअरचा कुठलाही लॅपटॉप चालतो. त्यावर उबंटू थेट टाकलेलं असेल तर उत्तम. विंडोजच्या आत डब्ल्यूएसएलवर लिनक्स चालवलंत तर प्रोग्रॅम चालतील, पण प्रोसेसरच्या आतले मोजणीचे काउंटर तिथून अनेकदा दिसत नाहीत, आणि या लेखातला अर्धा मजा तिथेच आहे. व्हर्च्युअल मशीनचंही तेच. जुना लॅपटॉप घरात पडून असेल तर त्यावर उबंटू टाका, तो या कामाला नव्यापेक्षा बरा.

एपीटीने इतकं उतरवा: जीसीसी हा कंपायलर आणि त्याचा सी प्लस प्लस भाग, क्लँग हा दुसरा कंपायलर आणि त्याची ओपनएमपी लायब्ररी, सीमेक (प्रोग्रॅम बांधायला), गिट (कोड उतरवायला), व्हॅलग्रिंड (मेमरीचा वापर तपासायला), एचडब्ल्यूलॉक (मशीनचं चित्र दाखवायला), आणि लिनक्स टूल्स या नावाचं पॅकेज, ज्यात 'पर्फ' हे मोजणीचं टूल येतं. पर्फचं पॅकेज तुमच्या कर्नलच्या आवृत्तीशी जुळलं पाहिजे, नाहीतर ते चालूच होत नाही. जीपीयूची मोठी टूलकिट आत्ता उतरवू नका. ती काही जीबींची असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तिथेच संपेल आणि महिनाभर त्यांची गरजही पडणार नाही.

मशीनची ओळख

'एलएससीपीयू' ही आज्ञा द्या. कोअर किती, थ्रेड किती, एल1, एल2, एल3 कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) किती मोठी, हे सगळं एका पानात येतं. कोअर आणि थ्रेड यांत गल्लत करू नका: चार कोअर आणि आठ थ्रेड असं लिहिलेलं असेल तर हिशोब करणारी यंत्रणा चारच आहे, बाकीचे चार तिच्यावरच भागीदारीत बसलेले. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर दोन जातीचे कोअर असतात, काही वेगवान आणि काही वीज वाचवणारे, त्यामुळे सारखं वाटलेलं काम सारख्या वेळात संपत नाही. 'एलएसटोपो' हेच सगळं चित्रात दाखवतं.

आता जी आज्ञा फारसं कुणी देत नाही ती: 'सुडो डीएमआयडीकोड', त्यापुढे उणे टी आणि 'मेमरी'. यात रॅमचे किती खाचे आहेत आणि किती भरलेले आहेत ते कळतं. स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा 8 जीबीची एकच पट्टी असते. डीडीआर4, 3200 वेगाची एक पट्टी कागदावर सेकंदाला 25.6 जीबी देते. दुसऱ्या खाच्यात तशीच पट्टी बसवली की दोन मार्ग मिळून 51.2 होतात. पॅरलल प्रोग्रॅमिंगसाठी नवा लॅपटॉप घ्यायचा विचार असेल तर आधी दुसरी पट्टी टाकून बघा. मेमरीवर अडलेल्या प्रोग्रॅमला यापेक्षा स्वस्त औषध मला माहीत नाही. फक्त काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, दुकानात जाण्याआधी ते तपासा.

हाताला धरण्यासारखं उदाहरण

पुस्तकात मॅट्रिक्सचा गुणाकार असतो. तो शिकवायला सोयीचा आहे, पण मेमरीची अडचण त्यात झाकली जाते, कारण तोच आकडा पुन्हा पुन्हा वापरता येतो. आपण आपल्या भागातलं घेऊ. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, आणि त्यांच्या लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यात एक पिक्सेल जमिनीवर 10 मीटरचा असतो. 5000 गुणिले 5000 पिक्सेलचा चौकोन घेतला तर 50 किलोमीटर बाजूचा प्रदेश होतो. रावेर, सावदा, फैजपूर, यावल हा केळीचा सगळा पट्टा आणि खाली भुसावळ, एवढं त्यात बसतं.

प्रत्येक पिक्सेलसाठी हिरवेपणाचा निर्देशांक काढायचा, ज्याला एनडीव्हीआय म्हणतात: अवरक्त वजा लाल, भागिले अवरक्त अधिक लाल. उभी केळीबाग असेल तिथे आकडा वर जातो, नांगरलेल्या शेतात आणि तापीच्या वाळूत खाली राहतो. सरावासाठी खरं चित्र उतरवायची गरज नाही, यादृच्छिक आकडे भरलेत तरी मशीनला फरक पडत नाही.

यात हिशोब किती? एक वजाबाकी, एक बेरीज, एक भागाकार. आणि ने-आण? डबल प्रकारात प्रत्येक आकडा 8 बाइटचा. दोन वाचायचे, एक लिहायचा. शिवाय लिहिण्याआधी प्रोसेसर त्या जागेचा जुना मजकूर सहसा मेमरीतून कॅशेत आणतो, म्हणून लिहिणं दुप्पट धरायचं. पिक्सेलमागे 32 बाइट झाले. अडीच कोटी पिक्सेलना 800 एमबी. एका पट्टीच्या लॅपटॉपवर 25.6 ने भागलंत तर 31 मिलिसेकंद. चार कोअर लावा, सोळा लावा, या खाली वेळ जाणार नाही. प्रोग्रॅमची एक ओळ लिहिण्याआधी हा आकडा वहीत मांडायचा.

दुसऱ्या बाजूने बघा. 3 गिगाहर्ट्झचे चार कोअर, प्रत्येक ठोक्याला 16 दशांश क्रिया, म्हणजे कागदावर सेकंदाला 192 अब्ज क्रिया. मेमरी मात्र या कामात फक्त 2.4 अब्ज क्रियांपुरता माल पुरवते. सव्वा टक्का. ही मांडणी 2009 मध्ये सॅम्युअल विल्यम्स, अँड्र्यू वॉटरमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 'रूफलाइन' नावाने मांडली. बाइटमागे किती क्रिया होतात ते काढायचं आणि आपलं छप्पर मेमरीचं आहे की हिशोबाचं ते ठरवायचं. मोठमोठी टूल्स याचा रंगीत आलेख काढून देतात, पण पहिल्यांदा तो हातानेच काढावा.

मोजणीची शिस्त

आता साधा, एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम लिहा आणि ओ-टू या (कंपायलरने कोड वेगवान करण्याच्या) पातळीवर कंपाइल करा. वेळ प्रोग्रॅमच्या आतूनच घ्या, लूपच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. पहिली फेरी मोजू नका: ॲरेला पहिल्यांदा हात लागतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) वाटत असते आणि तो वेळ तुमच्या नावावर चढतो. पाच-सात फेऱ्या करा, सगळ्यात कमी वेळ आणि मधला वेळ दोन्ही टिपा. शेवटी सगळ्या निर्देशांकांची बेरीज छापा. ती छापली नाही तर कंपायलर म्हणतो की या उत्तराचा कुणाला उपयोग नाही, आणि लूपच उडवून टाकतो. शून्य मिलिसेकंद पाहून खूश झालेले लोक दर वर्षी भेटतात.

चार्जर लावून मोजा. बॅटरीवर लॅपटॉप ठोके कमी करतो. लोडशेडिंगच्या वेळेत घेतलेले आकडे सरळ काट मारून टाका. आणि उन्हाळा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोनला लॅपटॉपने पूर्ण वेग धरला की मिनिटाभरात तो तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. त्याच प्रोग्रॅमची पहिली फेरी आणि दहावी फेरी यांत मग मोठा फरक दिसतो, आणि माणूस तो फरक आपल्या कोडमध्ये शोधत बसतो. 'सेन्सर्स' ही आज्ञा दुसऱ्या खिडकीत चालू ठेवा. पहाटे मोजणं ही अंधश्रद्धा नाही, चांगली प्रयोगशाळा आहे.

मेमरीचा खरा वेग मोजायला 'स्ट्रीम' नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, जॉन मॅककॅल्पिन यांचा, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर वापरात. एकच सी फाइल. त्यातला प्रत्येक ॲरे शेवटच्या कॅशेच्या निदान चौपट ठेवायचा, हा त्याचाच नियम. त्यात चार आकडे येतात, त्यांतला 'ॲड' आपल्या उदाहरणाला सगळ्यात जवळचा, कारण तोही दोन वाचून एक लिहितो. कागदावरच्या 25.6 च्या ऐवजी प्रत्यक्षात मिळणारा आकडा कळला की वरच्या हिशोबात तोच घाला. स्ट्रीम मात्र लिहिणं एकदाच धरतो, एवढं लक्षात ठेवा.

पहिली ओपनएमपी ओळ

ओपनएमपीचं पहिलं प्रमाण 1997 मध्ये फोरट्रानसाठी आलं, पुढच्या वर्षी सी आणि सी प्लस प्लससाठी. ते शिकायला सोपं असण्याचं कारण म्हणजे प्रोग्रॅम मोडत नाही. बाहेरच्या लूपवर 'प्राग्मा ओएमपी पॅरलल फॉर' अशी सूचना लिहायची, कंपाइल करताना 'एफओपनएमपी' हा पर्याय द्यायचा, झालं. पर्याय दिला नाही तर कंपायलर ती ओळ दुर्लक्षून एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम बनवतो, आणि अनेकांची पहिली निराशा इथलीच असते.

थ्रेडची संख्या 'ओएमपी नम थ्रेड्स' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदला: 1, 2, 3, 4, आणि जमल्यास 8. शब्दांमध्ये खालची रेघ असते आणि नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत. 'ओएमपी प्रॉक बाइंड' ट्रू करा म्हणजे थ्रेड या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारणार नाहीत. दोन-तीन थ्रेडनंतर एनडीव्हीआयचा वेळ जवळपास थांबलेला दिसेल. तुमच्या 31 मिलिसेकंदांच्या किंवा स्ट्रीमवरून काढलेल्या आकड्याच्या जवळ तो थांबला असेल, तर प्रोग्रॅम चांगला आहे. मशीनकडे द्यायला आणखी काही उरलेलंच नाही.

मग वेग वाढवायचा कसा? ने-आण कमी करून. सेंटिनेलचे पिक्सेल मुळात 16 बिटच्या पूर्णांकात येतात, ते डबलमध्ये फुगवून ठेवायची सवय आपली. वाचायचे दोन्ही पट्टे 16 बिटमध्येच ठेवा, हिशोब करताना फ्लोटमध्ये बदला, उत्तर फ्लोटमध्ये लिहा. आता पिक्सेलमागे दोन अधिक दोन, आणि लिहायचे चार दुप्पट, असे 12 बाइट. एकूण 300 एमबी, म्हणजे 12 मिलिसेकंदांच्या आत. थ्रेड न वाढवता अडीच पटीपेक्षा जास्त फायदा. भागाकाराआधी फ्लोटमध्ये बदलायला मात्र विसरू नका, पूर्णांकांचा भागाकार अपूर्णांक कापून टाकतो आणि सगळी केळी वाळलेली दिसते. बेरीज शून्य येणारे पिक्सेलही वेगळे हाताळावे लागतात.

मेमरी कशी वाचली जाते, ते बघणं

मेमरी एकेक आकडा देत नाही. बहुतेक लॅपटॉपवर ती 64 बाइटचा तुकडा एका वेळी देते, त्याला कॅशे लाइन म्हणतात. म्हणजे 16 फ्लोट. एक केळं मागितलं तरी अख्खी फणी हातात येते, आता उरलेली केळी तुम्ही खाता की टाकून पुढची फणी मागता, यावर सगळं आलं.

सी मध्ये दोन मितींचा ॲरे ओळीने ओळीने साठवला जातो. बाहेरचा लूप ओळींचा आणि आतला स्तंभांचा असेल तर 16 पैकी 15 आकडे आधीच आलेले असतात. लूप उलटे लावले, तर पुढचा आकडा 5000 गुणिले 4, म्हणजे 20,000 बाइट दूर. प्रत्येक वेळी नवी लाइन, आणि पान 4096 बाइटचं असल्यामुळे प्रत्येक वेळी नवं पानही. फोरट्रानमध्ये साठवण उभी असते, तिथे सगळं याच्या उलट.

हे डोळ्यांनी बघायला 'कॅशग्रिंड' घ्या. ते व्हॅलग्रिंडमध्ये येतं. ते खऱ्या प्रोसेसरवर मोजत नाही, कॅशेची नक्कल करतं, त्यामुळे ते डब्ल्यूएसएलवरही चालतं आणि उकाड्याचा त्यावर परिणाम होत नाही. फक्त ते फार संथ आहे, म्हणून चौकोन 2000 गुणिले 2000 वर आणा. व्हॅलग्रिंडच्या 3.21 या 2023 च्या आवृत्तीपासून कॅशेची नक्कल मुळात बंद असते, 'कॅशे-सिम' हा पर्याय 'येस' करून ती चालू करावी लागते. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांना नुसत्या सूचनांची संख्या दिसते आणि कॅशेचं काहीच दिसत नाही, त्याचं कारण हे. प्रोग्रॅम डीबग माहितीसह, म्हणजे उणे जी देऊन कंपाइल केला असेल तर 'सीजी ॲनोटेट' प्रत्येक ओळीपुढे किती वेळा कॅशे चुकली ते छापतं.

सरळ लूपमध्ये फ्लोट ॲरेच्या वाचनात 16 मागे एक चूक दिसेल, उलट्या लूपमध्ये जवळजवळ प्रत्येक वाचन चूक. ओ-थ्री लावू नका. त्या पातळीवर जीसीसी कधी कधी लूप स्वतःच फिरवून देतं आणि दोन्ही प्रोग्रॅम सारखे दिसतात. कंपायलरचं ते उपकारच, पण शिकताना नकोत. आणखी एक प्रयोग: रुंदी 5000 च्या ऐवजी 4096 करा आणि उलटा लूप चालवा. चौकोन लहान झाला तरी पिक्सेलमागचा वेळ बऱ्याच मशीनवर वाढतो, कारण दोनाच्या घातातल्या अंतरामुळे सगळ्या लाइन कॅशेच्या त्याच कप्प्यात येऊन एकमेकींना ढकलतात. ओळीच्या शेवटी थोडी रिकामी जागा सोडली की हे सुटतं.

याहून खोल जायचं असेल तर व्हॅलग्रिंडमध्येच 'लॅकी' नावाचं टूल आहे. 'ट्रेस-मेम' येस केलं की प्रोग्रॅमने केलेलं एकूण एक वाचन आणि लेखन पत्त्यासकट छापलं जातं. चौकोन 8 गुणिले 8 चाच ठेवा, तरीही लाखभर ओळी येतील, कारण प्रोग्रॅम सुरू होतानाची धावपळ त्यात असते. ॲरेचा पत्ता प्रोग्रॅममधूनच छापा आणि त्या पत्त्याच्या आसपासच्या ओळी ग्रेप या शोधाच्या आज्ञेने गाळा. सरळ लूपमध्ये पत्ते चार-चारने वाढत जातात, उलट्यात 32 ने. प्रोजेक्टचा अहवाल लिहिताना यावरून काढलेला आलेख परीक्षकांना लगेच पटतो, दहा पानांच्या थिअरीपेक्षा जास्त.

खऱ्या प्रोसेसरवर मोजायला 'पर्फ स्टॅट'. त्याला 'कॅशे-मिसेस' आणि 'कॅशे-रेफरन्सेस' या घटना मोजायला सांगा. परवानगी नाही असं म्हणाला तर कर्नलमधलं 'पर्फ इव्हेंट पॅरानॉइड' हे मूल्य कमी करावं लागतं, आणि ते करायला सुडोचा अधिकार हवा. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर तो तुमच्याकडे नसतो, म्हणून पर्फचं काम घरच्या मशीनवर करा. कॅशग्रिंड आणि पर्फचे आकडे जुळणार नाहीत, जुळवायचा प्रयत्नही करू नका. प्रोसेसर पुढचा माल आधीच मागवून ठेवतो, ही चलाखी नकलेत नाही.

चुकीची उत्तरं

समजा निर्देशांक 0.5 च्या वर असलेले पिक्सेल मोजायचे आहेत. सगळ्या थ्रेडनी एकच मोजणी वाढवली तर दर वेळी वेगळं उत्तर येईल, आणि ते नेहमी कमीच असेल. दोन थ्रेड एकच जुना आकडा वाचतात, दोघंही त्यात एक मिळवून परत लिहितात, एक पिक्सेल हरवतो. ओपनएमपीच्या ओळीत 'रिडक्शन' लिहिलं की प्रश्न मिटतो: प्रत्येक थ्रेड आपली वेगळी मोजणी ठेवतो आणि शेवटी त्यांची बेरीज होते. पण मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशी जागा डोळ्यांना दिसत नाही, तिथे 'थ्रेड सॅनिटायझर' हा कंपायलरमधला तपासनीस लागतो. कंपाइल करताना 'एफसॅनिटाइझ' बरोबर 'थ्रेड' द्यायचं. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो आणि मेमरीही कित्येक पट खातो, म्हणून इथेही लहान चौकोन. जीसीसीच्या ओपनएमपी लायब्ररीबरोबर तो नसलेल्या चुकाही दाखवतो, कारण त्या लायब्ररीतली कुलपं त्याला दिसत नाहीत. क्लँग आणि त्याची ओपनएमपी लायब्ररी घेतली तर 'आर्चर' नावाचा भाग त्याला ती माहिती पुरवतो. क्लँग सुरुवातीलाच उतरवायला सांगितलं ते यासाठी.

ॲरेच्या हद्दीबाहेर जाण्याच्या चुका 'ॲड्रेस सॅनिटायझर' पकडतो. दोन्ही एकाच वेळी लावता येत नाहीत.

एक चूक अशी आहे की उत्तर बरोबर येतं आणि वेळ मात्र खाल्ला जातो. कुणी हुशारीने प्रत्येक थ्रेडला स्वतःची मोजणी देतो, एका छोट्या ॲरेत, शेजारी शेजारी. चार पूर्णांक, 16 बाइट, सगळे एकाच कॅशे लाइनमध्ये. एका कोअरने आपला आकडा वाढवला की बाकीच्यांच्या कॅशेतली ती लाइन रद्द होते आणि लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत बसते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. 'पर्फ सीटूसी' नेमकी कोणती लाइन अशी भांडणात आहे ते दाखवतं. ओ-टूवर कंपायलर मोजणी रजिस्टरमध्ये ठेवून हा दोष लपवूही शकतो, तेव्हा दिसला नाही म्हणजे नाहीच असं धरू नका. उपाय: प्रत्येक मोजणी 64 बाइटवर वेगळी ठेवा, किंवा सरळ रिडक्शन.

एकच कोड, वेगळी मशीन

इथपर्यंत सगळं प्रोसेसरवर. जीपीयूवर जायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो कुडा, म्हणजे एनव्हिडिया या जीपीयू कंपनीची प्रोग्रॅमिंग पद्धत, शिकायचा. कुडा चांगलं आहे, पण ते एनव्हिडियापुरतं, आणि ज्याच्याकडे एनव्हिडियाचं कार्डच नाही त्याने त्यात सहा महिने घालवू नयेत. पोर्टेबल (मशीन बदलली तरी चालणारे) मार्ग बरेच आहेत. ओपनएमपीमध्ये 2013 च्या 4.0 पासून 'टार्गेट' या सूचनेने काम जीपीयूला देता येतं. ओपनसीएल सगळीकडे चालतं, पण दोन आकडे मिळवायलाही पानभर तयारी लिहावी लागते, नवख्याने तिथून सुरुवात करू नये. सिकल हे क्रोनोस गटाचं सी प्लस प्लसवर बसलेलं प्रमाण, इंटेलचा त्यावर भर. राजा ही लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची लायब्ररी. माझी निवड कोकोस ही सी प्लस प्लसची लायब्ररी, आणि कारण पुन्हा मेमरीचंच.

कोकोस अमेरिकेतल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलं. त्यात ॲरेला 'व्ह्यू' म्हणतात. व्ह्यूमध्ये ओळ आणि स्तंभ तुम्ही सांगता, पण ते मेमरीत आडवे साठवायचे की उभे, हे ज्या मशीनसाठी कंपाइल केलं त्यावरून ठरतं. याची गरज का पडते ते समजून घेणं हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. प्रोसेसरवर एक थ्रेड एक अख्खी ओळ घेतो आणि तिच्यावरून चालत जातो, म्हणून ओळीतले आकडे शेजारी हवेत. एनव्हिडियाच्या जीपीयूवर 32 थ्रेड एका ठोक्याला मिळून चालतात. त्यांनी एकेक ओळ घेतली तर एका क्षणी ते 32 वेगवेगळ्या ओळींतला तोच स्तंभ मागतात, म्हणून स्तंभातले आकडे शेजारी हवेत. प्रोसेसरवर जी मांडणी उत्तम, तीच तिथे सगळ्यात वाईट. हाताने लिहिलेला ॲरे अशा वेळी सगळ्या प्रोग्रॅमभर बदलावा लागतो. कोकोसमध्ये प्रोसेसरसाठी 'लेआउट राइट' आणि कुडासाठी 'लेआउट लेफ्ट' आपोआप निवडलं जातं, तुमची ओळ तीच राहते.

कोकोस गिटने उतरवा आणि सीमेकने बांधा. बांधताना ओपनएमपीचा पर्याय चालू करा. कोकोसच्या 4 च्या मालिकेला सी प्लस प्लस 17 लागतं, पुढच्या आवृत्त्या आणखी नवं मागतात, म्हणून जुन्या उबंटूवर 4 मधलीच आवृत्ती घ्या. एनडीव्हीआयचा लूप 'पॅरलल फॉर' होतो, हिरव्या पिक्सेलची मोजणी 'पॅरलल रिड्यूस'. आधी 'सीरियल' वर (एकाच थ्रेडवर) चालवून बेरीज जुळते का बघा, मग ओपनएमपीवर. सुरुवातीला हद्द तपासण्याचा 'डीबग बाउंड्स चेक' पर्याय चालू ठेवा, वेळ मोजताना तो काढा. प्रत्येक व्ह्यूला अर्थपूर्ण नाव द्या, 'लाल', 'अवरक्त', 'हिरवेपणा' असं काहीही, इंग्रजी अक्षरांत. कोकोस टूल्स नावाचा वेगळा संच आहे, तो 'कोकोस टूल्स लिब्स' या व्हेरिएबलमधून जोडला की प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल न करता कोणत्या नावाच्या व्ह्यूने कधी किती मेमरी घेतली आणि कोणत्या लूपला किती वेळ लागला ते छापतो. 'मेमरी इव्हेंट्स' आणि 'स्पेस टाइम स्टॅक' हे दोन आधी बघा. सगळ्यांची नावं एकसारखी ठेवलीत तर त्या यादीतून काहीच कळत नाही.

जीपीयू घरी नसेल तर गुगल कोलॅबवर काही तास मिळू शकतो. तिथे एनडीव्हीआय चालवण्याआधी वहीत पुन्हा एक भागाकार करा. दोन्ही पट्टे मिळून 100 एमबी, उत्तर 100 एमबी. जीपीयूला प्रोसेसरशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतून कागदावर सेकंदाला साधारण 16 जीबी जातात, म्हणजे नुसती ने-आण 12.5 मिलिसेकंद. तुमच्या एका पट्टीच्या लॅपटॉपचं अख्खं काम 12 मध्ये संपत होतं. जीपीयूचा फायदा तेव्हा, जेव्हा चित्र एकदा तिथे नेलं आणि ढग काढणं, निर्देशांक, शेजारच्या पिक्सेलची सरासरी, महिन्यामहिन्यांची तुलना, हे सगळं तिथेच करून फक्त शेवटचं उत्तर परत आणलं. कोकोसमध्ये ही ने-आण 'मिरर व्ह्यू' आणि 'डीप कॉपी' ने होते आणि ती कोडमध्ये स्पष्ट लिहावी लागते. नवखे याला कटकट म्हणतात, मला तो गुण वाटतो: कुठे पैसे खर्च होत आहेत ते दिसतं.

मोठ्या मशीनवर जाताना

सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने पुण्यात 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, आणि आता राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधली परम मालिकेतली यंत्रं अनेक संस्थांमध्ये आहेत, पुण्यातच आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म. प्रवेश सहसा प्राध्यापकांच्या नावाने मागावा लागतो, तेव्हा प्रोजेक्टच्या गाइडशी आधीच बोला. अशा यंत्राच्या एका नोडमध्ये (त्यातल्या एका स्वतंत्र संगणकात) बहुधा दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाची रॅम वेगळी. लिनक्स मेमरीचं पान त्या प्रोसेसरजवळ देतं ज्याने त्याला पहिल्यांदा हात लावला. ॲरेत शून्य भरायचा लूप तुम्ही एकाच थ्रेडने चालवलात तर सगळा डेटा एका बाजूला जातो, आणि दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे थ्रेड लांबून आकडे ओढत बसतात. म्हणून शून्य भरायचा लूपही पॅरलल करा, आणि त्याची वाटणी मुख्य लूपसारखीच ठेवा. 'नुमास्टॅट' ने कोणत्या बाजूला किती मेमरी गेली ते तपासता येतं.

लॉगिन नोडवर, म्हणजे आत शिरल्यावर आधी जिथे पोचता तिथे, प्रोग्रॅम चालवू नका, तो सगळ्यांचा असतो आणि ॲडमिन खातं बंद करतात. स्लर्मची (कामं रांगेत लावणाऱ्या प्रणालीची) जॉब फाइल लिहा, त्यात कोअर किती हवेत आणि वेळ किती ते सांगा, आणि 'ओएमपी नम थ्रेड्स' त्याच संख्येइतका ठेवा, कारण तो लिहिला नाही तर तुमचे थ्रेड कधी एक, कधी नोडभर होतात. कोकोस तिथे पुन्हा बांधावं लागेल, लॅपटॉपवर बांधलेलं उचलून नेऊन चालत नाही. 'मॉड्यूल अव्हेल' लिहून तिथला कंपायलर आणि सीमेक कोणते आहेत ते आधी बघा, स्ट्रीम पहिल्या जॉबमध्ये चालवा, आणि एनडीव्हीआयसाठी किती मिलिसेकंद अपेक्षित आहेत ते काढून मगच दुसरा जॉब रांगेत लावा.